आकडा उतरला, मग लाईट कशाला?

आमच्या भागात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. 'लाईट' म्हणतात, जुनी माणसं 'शेक' म्हणतात. "किती लाईट झाल्या?" "बारा झाल्या, तेरा राहिल्या." विभागाबाहेरच्या बाकावर दिवसभर हेच बोलणं चालू असतं. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते अण्णा मात्र त्यांना 'फेऱ्या' म्हणायचे, कारण त्यांनी चौतीस वर्षं एसटी चालवली होती.

मी रेडिएशनचा डॉक्टर, सांगली-मिरज पट्ट्यातला. अण्णांची आणि त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, परवानगी घेऊन लिहितोय, आणि ओळख पटेल असं काही मागे ठेवलेलं नाही. उपचार म्हणून या प्रकरणात जगावेगळं काही घडलं नाही. प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कर्करोग, हार्मोनची इंजेक्शनं, पंचवीस लाईट, नंतर पुन्हा इंजेक्शनं, इतकंच. तरी लिहावंसं वाटलं ते दोन गोष्टींमुळे. एक प्रश्न, जो मला महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो. आणि एक गोष्ट, जी मी विचारायला हवी होती आणि नऊ महिने विचारली नाही.

वर्षभर चाललेली गोळी

अण्णा ६७ वर्षांचे. मधुमेह दहा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू, तंबाखू निवृत्तीबरोबर सुटलेली. रात्री चार-पाच वेळा उठावं लागायचं, धार बारीक, झाल्यावरही थोडी राहिल्यासारखी वाटायची. घरात सगळ्यांनी याचं कारण आपापसात ठरवून टाकलं होतं: आयुष्यभर गाडीवर लघवी दाबून धरली, त्यानंच हे झालं. पुढचा थांबा येईपर्यंत धरायची, थांब्यावर गर्दी असली तर त्याच्या पुढचा. ड्रायव्हर लोकांत ही कथा इतकी पक्की आहे की त्यांना तपासणीची गरजच वाटत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी टॅमसुलोसिन सुरू केलं. त्यानं प्रोस्टेटभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि धार सुधारते. अण्णांचीही सुधारली, आणि तिथंच वर्ष गेलं. गोळी चुकीची नव्हती. चुकलं ते हे की आराम पडला म्हणून पुढं काही पाहिलं गेलं नाही. ना रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या प्रथिनाचा आकडा, ना गुदद्वारातून बोट घालून केलेली तपासणी. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं, पण रुग्णालाही संकोच आणि डॉक्टरलाही. तीन-तीन सोनोग्राफी झालेल्या फायली मी पाहिल्या आहेत, ज्यांत ही एक ओळ कुठंच नसते.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रोस्टेटसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत टॅमसुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड असतं. ते सहा महिने किंवा जास्त घेतलं तर पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे कागदावरचे ३ प्रत्यक्षात ६ समजायचे. अण्णांची गोळी साधी होती, त्यामुळे शेवटी पीएसए केला तेव्हा आलेला आकडा खरा होता: ३४.२.

मूत्रविकारतज्ज्ञांच्या बोटाला डावीकडे कडक गाठ लागली. एमआरआयमध्ये ती प्रोस्टेटच्या आतच दिसली, कवच फुटलेलं नव्हतं. बायोप्सीत बारा तुकडे काढले, सातांत कर्करोग. ग्लीसन, म्हणजे पेशी किती बिघडल्यात याचं माप, ४+४, बेरीज ८. ही बेरीज व्यवहारात ६ पासून १० पर्यंत जाते. ६ म्हणजे संथ आजार, ८ आणि वर म्हणजे घाईत असलेला. प्रोस्टेटचा आजार अंगभर शोधणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनमध्ये लसिका ग्रंथी किंवा हाडं यांत काही उजळलं नाही. स्कॅनचे पैसे मुलानं भरले आणि निकाल पाहून तो म्हणाला, "म्हणजे काही नाही ना?" काही नाही असं नव्हतं. पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन ८ यांपैकी एक असलं तरी आजार 'जास्त जोखमीचा' धरतात. अण्णांकडे दोन्ही होतं. मात्र जिथं होता तिथंच होता, म्हणजे बरा करण्याच्या हिशेबानं उपचार करता येण्यासारखा.

तीन रस्ते

शस्त्रक्रिया करून प्रोस्टेट काढणं हा एक रस्ता होता आणि तो चुकीचा ठरला नसता. पण एवढ्या पीएसएला शस्त्रक्रियेनंतरही लाईट लागण्याची शक्यता बरीच असते, आणि अण्णांना एका वेळी दोन्हीचे त्रास नको होते.

दुसरा रस्ता एका नातेवाइकानं सुचवला, तोही तळमळीनं: अंडकोश काढून टाका, एकदाच खर्च, इंजेक्शनांची कटकट नाही. आपल्याकडे हाडांपर्यंत पोचलेल्या आजारात, विशेषतः जिथं पैसा नसतो तिथं, ही शस्त्रक्रिया आजही होते आणि ती उपयोगाची आहे. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी पुरुष संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, बंद केलं की प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो हे दाखवलं, ते असंच. १९६६ चं नोबेल त्यासाठी मिळालं. पण अण्णांना संप्रेरक बंद हवं होतं दोन वर्षांसाठी, जन्मभरासाठी नव्हे. काढलेली गोष्ट परत बसवता येत नाही.

राहिला तिसरा रस्ता. आधी हे संप्रेरक बंद करणारं हार्मोनचं इंजेक्शन, तीन महिन्यांनी लाईट, आणि इंजेक्शनं एकूण दोन वर्षं. अबिराटेरोन नावाची आणखी एक गोळी जोडायची का, हेही पाहिलं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तिचा फायदा दिसला तो तीनपैकी दोन खुणा असलेल्यांत: कवचाबाहेर गेलेला आजार, ग्लीसन ८ किंवा जास्त, पीएसए ४० किंवा जास्त. अण्णांकडे एकच खूण होती. शिवाय त्या गोळीबरोबर स्टेरॉइड घ्यावं लागतं आणि त्यांची साखर आधीच नाठाळ. ती सोडून दिली.

डिसेंबर २०२१ मध्ये तीन महिने पुरणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दिलं. त्याआधी आठवडाभर बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. कारण हे इंजेक्शन पहिले काही दिवस उलटं वागतं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला ते इतकं डिवचतं की टेस्टोस्टेरॉन आधी उसळतं, मग ग्रंथी दमून गप्प बसते आणि ते तळाला जातं. त्या उसळीत आजाराला खाद्य मिळू नये म्हणून गोळीचं झाकण. नातीच्या बारशात दोन दिवस गोळ्या राहिल्या, तेवढं सोडलं तर अण्णांनी नेमानं घेतल्या.

संपातल्या गाड्या

मार्च २०२२ मध्ये अण्णा, काकू आणि मुलगा तिघे आले. मुलाच्या हातात रिपोर्ट होता, चेहऱ्यावर सुटकेचा आनंद. पीएसए ०.९. रात्री उठणं दोनवर आलेलं, धार चांगली.

"डॉक्टर, आकडा तर खाली आलाय की," अण्णा म्हणाले. "चौतीसावरनं एकाच्याही खाली. मग ती लाईट कशाला?"

हाच तो प्रश्न. इतकी वर्षं मी त्याचं उत्तर टक्केवारीनं देत आलो. टक्केवारी भक्कम आहे, हे खरं. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ८७५ रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला: नुसते हार्मोन रोखायचे, की त्याबरोबर लाईटही द्यायची? २००९ मध्ये निकाल आला. दहा वर्षांत प्रोस्टेटच्या कर्करोगानं दगावलेले नुसत्या हार्मोनच्या गटात सुमारे २४ टक्के, लाईट घेतलेल्यांत १२ टक्के. उलट बाजूनंही पाहिलं गेलं आहे. नुसती लाईट घेतलेले आणि लाईटबरोबर तीन वर्षं इंजेक्शन घेतलेले यांची तुलना १९९७ मध्ये युरोपातून आली. पाच वर्षांनी हयात असलेले ६२ विरुद्ध ७९ टक्के. म्हणजे एकट्यानं दोघंही कमी पडतात.

पण समोर ०.९ चा कागद असताना टक्केवारी कानात शिरत नाही. प्रश्न मुळात शंभर माणसांबद्दल नसतो. प्रश्न असतो, "आकडा खोटं बोलतोय का?" आणि तो रास्त आहे.

आकडा खोटं बोलत नाही, तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन, आणि ते तयार करण्याचा हुकूम पेशीला टेस्टोस्टेरॉनकडून मिळतो. हुकूम देणाराच गप्प केला की पेशी जिवंत असली तरी पीएसए बनवणं थांबवते. काही पेशी मरतात, पुष्कळशा आक्रसून बसतात. गाठ लहान होते, लघवीची वाट मोकळी होते, रक्तातला आकडा कोसळतो, आणि त्यातलं किती मरण आणि किती झोप, हे आकड्यावरून कळायला मार्ग नसतो.

हे सगळं सांगून झालं तरी अण्णा हूं की चूं करेनात. त्या दिवसांत एसटीचा संप चालू होता. नोव्हेंबरपासून गाड्या आगारांत उभ्या, आणि ही मंडळीही गावाहून कुणाच्या तरी जीपमधून आली होती. मी विचारलं, "अण्णा, गेल्या चार महिन्यांत रस्त्यावर एसटी किती दिसल्या?"

"दिसत्यात कुठं?"

"मग गाड्या भंगारात गेल्या म्हणायचं का?"

अण्णा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "आगारात हुब्या हायत म्हनत्यात डॉक्टर."

मला हे सुचलं ते नशिबानं. दर वेळी राज्यात संप चालू नसतो. पण तेव्हापासून टक्केवारी शेवटी सांगतो, आणि तीही कुणी विचारली तर. संप मिटायच्या आत गाड्या मोडीत काढायच्या, हे काम लाईटचं. इंजेक्शनानं पेशी अशक्त झालेल्या असतात, स्वतःची दुरुस्ती करायची त्यांची ताकद घटलेली असते, म्हणून त्याच वेळी लाईट जास्त लागू पडते. नुसत्या इंजेक्शनावर राहिलं तर काही वर्षांनी त्यांतल्या काही पेशी टेस्टोस्टेरॉनवाचून जगायला शिकतात, आणि मग तेच इंजेक्शन त्यांना रोखू शकत नाही.

पंचवीस फेऱ्या

स्कॅनमध्ये ग्रंथी स्वच्छ होत्या, तरी ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही लाईट द्यायची ठरवली. पीएसए आणि ग्लीसन यांवरून मांडायचं एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार अण्णांच्या ग्रंथींत सूक्ष्म आजार असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर निघत होती, आणि स्कॅनला फार बारीक साठे दिसत नाहीत. परळच्या टाटा मेमोरियलनं २२४ रुग्णांवर हाच प्रश्न तपासला होता. निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला होता, म्हणजे आमच्यासाठी ताजाच. नुसत्या प्रोस्टेटला लाईट दिलेल्यांत पाच वर्षांनी पीएसए न वाढलेले ८१ टक्के, ग्रंथींसह दिलेल्यांत ९५. एकूण आयुष्यमानात त्या काळात फरक दिसला नव्हता आणि मूत्राशयाचे त्रास ग्रंथींच्या गटात जास्त होते, हेही घरच्यांना सांगितलं. मात्रा त्याच अभ्यासातली घेतली: पंचवीस दिवसांत प्रोस्टेटला ६८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), ग्रंथींना ५०. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला.

गाड्या बंद, म्हणून मुक्काम सांगलीत लेकीकडे. पहिल्याच दिवशी लेकीनं हळू आवाजात विचारलं की घरात चार वर्षांचा मुलगा आहे, अण्णांनी त्याला जवळ घेतलं तर चालेल का. चालेल. बाहेरून दिलेल्या लाईटमध्ये मशीन बंद झालं की किरण संपले. माणसात काही उरत नाही. हा प्रश्न न विचारता पाच आठवडे आजोबांना वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताट-वाटीनं ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून आता हे आपणहून सांगतो.

लाईट स्वतः दुखत नाही. टेबलावर आडवं व्हायचं, गुडघ्याखाली आधार, ओटीपोटावर आणि दोन्ही बाजूंना गोंदलेले तीन ठिपके किरणरेषांशी जुळवायचे, मशीन भोवती फिरतं. किरण प्रत्यक्ष चालू असतात दोन-तीन मिनिटं. खरी परीक्षा त्याआधीची, पाण्याची.

प्रोस्टेट बसलेलं असतं मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे. मूत्राशय भरलेलं असलं की त्याचा बराच भाग आणि वरचं आतडं किरणांच्या वाटेतून वर सरकतं. गुदाशय रिकामं असलं की प्रोस्टेट रोज त्याच जागी सापडतं. म्हणून रोजचा नेम असा: शौच करून यायचं, लघवी करून टाकायची, अर्धा लिटर पाणी दहा मिनिटांत प्यायचं, पाऊण तास थांबायचं, मग टेबलावर. ज्या माणसानं चौतीस वर्षं लघवी धरली त्याला हे सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं. पहिल्या आठवड्यात दोनदा अण्णांना टेबलावरून उठवावं लागलं. एकदा तर मशीन फिरायला लागल्यावर. ते इतके शरमले की दुसऱ्या दिवशी पाणीच कमी प्यायले आणि स्कॅनमध्ये मूत्राशय निम्मंच भरलेलं दिसलं. पुन्हा खाली उतरा, पुन्हा पाणी, पुन्हा थांबा. सकाळचा चहा हे त्यातलं एक कारण निघालं. चहा लघवीला घाई करतो. चहा लाईटनंतर ठेवला. पाणी प्यायल्यावर पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासानं अण्णांना टेबलावर घ्यायचं ठरवलं, आणि मशीन मागं पडलं असेल तर तंत्रज्ञांनी आधी येऊन सांगायचं की पाणी आत्ता पिऊ नका. रोजच्या स्कॅनमध्ये मूत्राशय ठरल्या आकाराचं येऊ लागलं ते सातव्या दिवसापासून.

नवव्या दिवशी नवाच गोंधळ. गुदाशय हवेनं फुगलेलं, प्रोस्टेट चांगलं सात-आठ मिलिमीटर पुढं ढकललं गेलेलं. आदल्या रात्री लेकीनं वडिलांना आवडते म्हणून मटकीची उसळ केली होती. उसळी, पावटा, वाल, कोबी, मुळा पाच आठवड्यांसाठी बंद केले. मुगाचं पातळ वरण, भात, ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, ताक. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रात्री सौम्य रेचक. लेकीला वाईट वाटलं. तिला वाटलं आपल्या उसळीनं आजार वाढला. तसं काही नाही, फक्त त्या दिवशी अर्धा तास जास्त थांबावं लागलं, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ, रात्री पुन्हा चार वेळा उठणं, दिवसातून तीन वेळा थोडी-थोडी शौचाला. हे अपेक्षित असतं. तरी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना ते पाहिलं, कारण जळजळ म्हटली की 'लाईटमुळेच असणार' असं म्हणून संसर्ग निसटतो. संसर्ग नव्हता. टॅमसुलोसिन चालू होतंच, जळजळीचं औषध जोडलं. मशीन दोन दिवस बंद पडलं, ती तूट एका शनिवारी आणि पुढच्या सोमवारी भरून काढली. लाईट संपल्यावर तीन आठवड्यांत जळजळ गेली.

शेवटच्या फेरीला अण्णांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले आणि तंत्रज्ञ मुलीला म्हणाले, "आता डबल बेल द्या, जातो."

पंखा

इथं बहुतेक लोकांच्या मनात गोष्ट संपते. घरच्यांच्याही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही. लाईट म्हणजे उपचार, आणि इंजेक्शन म्हणजे तीन महिन्यांनी येऊन टोचून जायचं काहीतरी. पुढच्या दोन भेटी मी दहा मिनिटांत उरकल्या. पीएसए ०.१. साखर वाढली होती, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ७.२ वरून ८.१. वजन चार किलोनं वाढलं, पोटावर. हिमोग्लोबिन दीड ग्रॅमनं उतरलं. हाडांच्या घनतेच्या चाचणीत हाडं विरळ व्हायला लागलेली. सगळं या इंजेक्शनांत होतं तसंच, आणि सगळ्यावर लिहून देण्यासारखं काही ना काही होतं: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, फिजिशियनची चिठ्ठी, रोज चालणं.

सप्टेंबरचं इंजेक्शन घ्यायला अण्णा आलेच नाहीत. आठवड्यानं लेकीचा फोन आला. अण्णा पारावर जात नाहीत. टीव्हीवर मालिका लागली की डोळे पुसतात. नातवावर खेकसतात, मग स्वतःच रडतात. इंजेक्शन नको म्हणतात, कारण सांगत नाहीत.

काकू आणि अण्णा दोघं आले, मुलगा नव्हता. मी दार लावून घेतलं आणि विचारलं. बराच वेळ अण्णा नखं बघत बसले. मग म्हणाले, "गावात एकानं इचारलं, ते नसबंदीचं इंजेक्शन हाय का म्हणून. मी हसलो. घरी जाऊन इचार केला, नसबंदी बरी की." आणि काकूंकडे न बघता: "माणूस ऱ्हायलो नाही मी."

संमतीपत्रात 'लैंगिक इच्छा व क्षमता कमी होणे' अशी ओळ होती, अण्णांची तिथं सही होती. ती ओळ मी वाचूनही दाखवली होती. मुलासमोर. ६७ वर्षांचा बाप मुलासमोर यावर काय विचारणार? त्या दिवशी मीही 'या वयात काय' असं गृहीत धरून पुढं गेलो होतो. हे चुकलं होतं, आणि ते कागदावर कुठंच चूक म्हणून दिसत नाही.

मी काहीतरी शास्त्रीय बोलायला सुरुवात केली. टेस्टोस्टेरॉन पन्नासच्या खाली नेल्यावर काय होतं, रडू का येतं, अंगातून वाफा का येतात. वाफा म्हटल्यावर काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"रात्री तीनदा घाम फुटतो ह्यांना. चादर भिजते. पंखा पाचवर करतात, मग पाच मिनिटांनी थंडी वाजते, बंद करतात." त्या अण्णांकडे वळल्या. "मला हेच झालं होतं, पंधरा वर्षांखाली. तेव्हा मी पंखा लावला की तुम्ही उठून बंद करत होता. म्हणत होता, बाई काय नाटकं करते."

अण्णा गप्प. मी गप्प. काकूंनी पुढं सांगितलं की तेव्हा त्यांनाही भाकरी थापताना उगाच रडू यायचं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. दोन-तीन वर्षांनी आपोआप गेलं. "जातं ते," त्या म्हणाल्या.

वैद्यकीयदृष्ट्या हे तंतोतंत बरोबर होतं. बाईच्या शरीरात पाळी जाताना जे संप्रेरक ओसरतं त्याचं आणि अण्णांच्या इंजेक्शनाचं काम वेगळं, पण घाम फुटणं, झोपमोड, चिडचिड, हाडं विरळ होणं हे जवळजवळ तेच. त्या घरात या त्रासाची तज्ज्ञ व्यक्ती नऊ महिने चुलीपाशी बसलेली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं सगळं साधं होतं. झोपताना सुती कपडे, संध्याकाळनंतर गरम चहा आणि झणझणीत रस्सा नाही, घाम वहीत मांडायचे. महिन्यानंतरही रात्रीचे तीन घाम राहिले तेव्हा व्हेनलाफॅक्सिनची छोटी मात्रा सुरू केली; तिनं घाम कमी झाले आणि मनही सावरलं. चालण्याला वजन उचलायची जोड दिली, कारण या इंजेक्शनात स्नायू झडतात आणि नुसत्या चालण्यानं ते भरत नाहीत. अण्णांनी व्यायामशाळेचं नाव काढल्यावर हात जोडले. मग आडावरून दोन भरलेल्या कळश्या सकाळ-संध्याकाळ आणायचं ठरलं. ते काम आयुष्यभर काकूंचं होतं. शरीरसंबंधांबद्दल दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्याचं कारण नाही.

इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. उशीर फार झालेला नव्हता, टेस्टोस्टेरॉन अजून तळालाच होतं.

रक्ताचे थेंब

लाईट संपून चौदा महिन्यांनी शौचाच्या वेळी रक्ताचे थेंब दिसले. गावाजवळच्या सर्जननी मूळव्याध म्हणून ऑपरेशनची तारीख दिली. लेकीनं सहज फोन करून विचारलं म्हणून थांबलं. लाईटनंतर काही जणांच्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं आणि ते स्रवतं. दुर्बिणीतून पाहिलं, तेच होतं. इथं सांभाळायची गोष्ट एकच: त्या भिंतीचा तुकडा गरज नसताना तपासणीला काढायचा नाही. लाईट लागलेली जागा नीट भरून येत नाही, आणि कधी कधी तिथं कायमचं भगदाड पडतं. सुक्राल्फेटचे एनिमा आणि पोट साफ ठेवायचं औषध यांवर रक्त दोन महिन्यांत थांबलं. तेव्हापासून अण्णांच्या फायलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'प्रोस्टेटला लाईट झाली आहे, २०२२'. ती फाईल न घेता कुठल्याही डॉक्टरकडे जायचं नाही असा लेकीचा दंडक आहे.

इंजेक्शन थांबल्यावर

डिसेंबर २०२३ मध्ये दोन वर्षं पूर्ण झाली. आठव्या इंजेक्शनाचा अंमल संपला की आता घाम थांबतील, अशी अण्णांची अपेक्षा. पण दोन वर्षं गप्प बसवलेली ग्रंथी लगेच उठत नाही. सत्तरीतल्या माणसात वर्षभरही लागतं, काहींत ती पुरती उठतच नाही. अण्णांचे घाम सात-आठ महिन्यांनी विरले.

मग आकड्याचं दुसरं नाटक. इंजेक्शनं संपेपर्यंत पीएसए ०.०५ च्या खाली गेला होता. टेस्टोस्टेरॉन वर यायला लागलं तसा तो ०.२ झाला, नंतर ०.५. मुलाचा रात्री साडेदहाला फोन: दहापट झाला. हिशेब बरोबर होता. पण प्रोस्टेट आत शाबूत आहे आणि त्यातल्या चांगल्या पेशींनाही हुकूम पुन्हा मिळू लागलाय, तर त्या थोडा पीएसए बनवणारच. लाईटनंतर आजार परतला असं म्हणायचं ते सर्वांत खालच्या आकड्यावर २ ची भर पडली तर. अण्णांच्या बाबतीत ती रेघ साधारण २.०५ ला. मी मुलाला एवढंच म्हटलं की संप मिटलाय, गाड्या किती बाहेर पडतात ते सहा महिन्यांनी मोजू. त्याला हे आवडलं नाही. त्यानं दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं. पुढचा आकडा ०.४ आला, त्यापुढचा ०.३.

साखर अजून चढीच आहे. वजन दोन किलो उतरलं, दोन राहिलं. रात्री दोनदा उठणं आहे.

अण्णा आता सहा महिन्यांतून एकदा येतात. येताना बाहेरच्या बाकावर बसून अर्धा लिटरची बाटली संपवतात. कुणी सांगितलेलं नाही, आता लाईट नाही, पाण्याचं कारण नाही, विचारलं तर म्हणतात, "हितं आलं की प्यावंच वाटतं." मला पेशंट बघायला उशीर झाला की दारातून आधी काकूंचं डोकं दिसतं. "डॉक्टर, ह्यांना जाऊन येऊ दे का, का अजून धरायचीय?"